लहानूची खळ्यावरची बैठक

पेठ तालुक्यातल्या चार आदिवासी पाड्यांचं एक मंडळ होतं. एक्क्याण्णव साली लहानूने खटपट करून ते नोंदवलं. पाड्यावरचा पहिला मॅट्रिक तोच, त्यामुळे अर्जविनंत्यांचं घोंगडं आपसूकच त्याच्या गळ्यात पडलं.

बैठक खळ्यावर भरायची. हात वर करायची भानगड नव्हती. ज्याला पटलं तो "हाय" म्हणायचा, ज्याला पटलं नाही तो गप्प बसायचा. तोंडावर नाही म्हणून कुणाला दुखवायचं नाही, ही तिथली रीत. एक जण जरी गप्प राहिला तरी सगळे उठायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. हातपंप कुठे घ्यायचा यावर एकदा पाच दिवस बसले. सरकारी साहेबाच्या नाकी नऊ आले. शेवटी सगळ्यांत वडीलधारी ठमाबाई "हाय" म्हणाली आणि पंप बसला. त्या पंपावर पुढे कधी भांडण झालं नाही.

दोन हजार तीन साली टूम निघाली, की तीन तालुक्यांतल्या आदिवासी संस्था विलीन करून एकच मोठी संस्था करायची. देणगीदारांना तीन-तीन ठिकाणी विचारपूस नको होती. कार्यालय नाशिक रोडला, लहानूला तिथे संघटकाची नोकरी आणि त्याच्या मुलीला, योगिनीला शहरातली शाळा.

सभेला पाड्यांवरची चाळीस माणसं टेम्पोने आली आणि हॉलमधल्या खुर्च्या सोडून खाली बसली. होणारे अध्यक्ष चांगलं बोलले, माणूस काही वाईट नव्हता. मग त्यांनी विचारलं, "कुणाचा विरोध असेल तर हात वर करा."

चाळीसच्या चाळीस माणसं गप्प.

"एकमताने मंजूर," अध्यक्ष म्हणाले आणि टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, उद्या पुन्हा बसायचं आहे. ठमाबाई तर दुसऱ्या दिवसाची भाकरी बांधून आली होती.

व्यासपीठावरच्या माणसांत त्या गप्प बसण्याचा अर्थ एकट्या लहानूला कळत होता. उठून दोन वाक्यं बोलायची होती. तो मूग गिळून बसला. योगिनीची शाळा डोळ्यांसमोर होती, हे त्याने पुढे कुणापाशी कबूल केलं नाही. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याच्या जागी आपण तरी काय केलं असतं?

संस्था वाढली. पाड्यांना पिठाची गिरणी मिळाली, बालवाडी मिळाली, खोटं कशाला बोला. सभेत हात वर करायची सवयही लोकांना लागली. पण लहानूचं मन नाशिक रोडला रमलं नाही. तासाभरात उरकणाऱ्या मीटिंगांमध्ये त्याला सारवलेलं खळं आठवायचं, पाय आखडेपर्यंत बसलेली आणि "उद्या बसू" म्हणत हसत उठणारी माणसं आठवायची. जीव तुटायचा.

चार वर्षांनी त्याने पाड्यावर निरोप धाडला, पहिल्यासारखं खळ्यावर बसू. लोक आले. गिरणी हलवायची होती. लहानूने मुद्दामच अशी जागा सुचवली, की तिथे जायला रस्ता त्याचा जुना सोबती बुधा याच्या वावरातून काढावा लागेल. बुधा तरी गप्प बसेल, मग उद्या पुन्हा बसता येईल, एवढीच त्याला आस.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत सगळ्यांचे हात वर गेले. बुधाचाही.

लहानू ठमाबाईकडे वळला. "ठमाबाय, तू तं सांग. तुला पटलं का?"

ठमाबाईचा हात वरच होता. "आम्हाला काय पटायचं त्यात, लहानू? ठरतं तं नाशिकलाच. हात खाली घेऊ का आता?"