लुटुपुटीची पत्रकार परिषद

बी. ए. झाल्यावर मी विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्येच्या वर्गात नाव घातलं, ते वार्ताहर होण्यासाठी नव्हे. मला प्रसिद्धी अधिकारी व्हायचं होतं. कारखान्यात काही बरंवाईट झालं, की वार्ताहरांना सामोरा जाऊन मालकाची अब्रू राखणारा माणूस. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत हे कुणाच्या गळी उतरेना. वडील म्हणायचे, “म्हणजे गोड बोलायचा पगार!”

वर्गात आम्हाला लुटुपुटीच्या पत्रकार परिषदा घ्यायला लावत. एक जण अधिकारी, बाकीचे वार्ताहर. अधिकारी व्हायची पाळी आली की माझी ततपप व्हायची. म्हणून मी घरी सराव सुरू केला आणि आईलाच वार्ताहर केलं. ती चौथी शिकलेली, पण तिला फसवणं कठीण. भाकऱ्या थापता थापता ती प्रश्न विचारायची. शहाडकडच्या कुठल्यातरी मनातल्या कारखान्यात बॉयलर फुटलेला असायचा.

“जखमी किती?”

“जखमींची योग्य ती काळजी घेतली जात आहे.”

“अरे मेल्या, काळजीचं कोण विचारतंय? किती ते सांग!”

आतल्या खाटेवर वडील हसायचे आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ यायची. दिवाळीपासून ते अंथरुणावरच होते.

मग मीच आईला वर्गातली एक युक्ती शिकवली. प्रश्न एकच, पण दोनदा विचारायचा. दुसऱ्यांदाही अधिकाऱ्याने बगल दिली, तर बातमी वाईटात वाईट आहे असं समजायचं आणि उठायचं. उठताना म्हणायचं, “आभारी आहोत, साहेब.” हे म्हणताना आई पिठाच्या हातांनी असा काही नमस्कार करायची, की आम्हा तिघांनाही हसू आवरत नसे.

होळीच्या सुमारास वडिलांचे तपासणीचे कागद घेऊन कल्याणला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आता फार दिवस नाहीत. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.”

घरी आलो तर आई तांदूळ निवडत बसली होती.

“काय म्हणाले डॉक्टर? वन्संना बोलावून घेऊ का?”

वन्सं म्हणजे माझी आत्या, वडिलांची एकुलती एक बहीण. ती गुहागरला असायची. तिकडून यायचं म्हणजे वाटेतच वेळ जाणार.

मी म्हणालो, “उपचार व्यवस्थित चालू आहेत.”

आवाज जरासुद्धा कापला नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्याचं बरंच वाटलं. साधलं एकदाचं, असं वाटलं.

आईने सूप खाली ठेवलं. “वन्संना बोलावून घेऊ का?”

“योग्य वेळी कळवू आपण.”

ती उठली, पदराला हात पुसले. “आभारी आहोत, साहेब,” म्हणाली आणि पायात चपला सरकवून एकटीच तार करायला गेली. “आई, थांब, मी येतो,” एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. नवरा जाणार ही बातमी तिला पोटच्या पोराकडून अशी काढून घ्यावी लागली. ते मला अजून खातं.

आत्या वेळेवर पोचली. वडिलांनी तिला ओळखलं, तिच्या हातून दोन घोट पेज घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

तेरावं झाल्यावर आत्या परत निघाली. सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “वेळेवर कळवलंस रे बाबा, म्हणून भाऊ डोळ्यांना दिसला. शिकलेल्या मुलाचा असा आधार असतो.”

मी मान खाली घातली. नाही म्हणायला हवं होतं. मग आईकडे पाहिलं. ती आत्याच्या पिशवीत खोबऱ्याच्या वाट्या भरत होती.

“हो,” ती म्हणाली. “त्याच्याकडूनच कळलं मला.”