भुंड्याला भुंडी

आमच्या शेळीनं करडू दिलं तेव्हा मी घाईघाईत शेपटी उचलून एक नजर टाकली आणि घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, ‘पाठ झाली.’ पाठ म्हणजे मादी करडू. वर ऐटीत लिहिलं, ही पाठ लेकीच्या बाळाची. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. नातेवाइकांचे अंगठे आले, फुलं आली. मी दिवसभर मिशीला ताव देत फिरलो. मिशी तशी विरळच आहे.

मग माझी थोरली बहीण राहायला आली. तिनं करडू मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि आवाज बारीक केला.

“आरं, ही पाठ न्हाई. बोकड बी न्हाई. मधलंच काय तरी हाय.”

मी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. खरंच होतं. एवढ्यावर भागलं असतं तर मीच माझी टिंगल करून मोकळा झालो असतो. पण अक्काची नजर करडावरून उठली ती थेट शेंगा फोडत बसलेल्या लेकीच्या पोटावर गेली.

“गिरानात वांगी चिरली व्हतीस न्हवं तू?”

लेकीचा हात थांबला. शेंगा तशाच टाकून ती आत गेली.

माझं डोकं तिथंच तापलं. ग्रहण कुठं, वांगी कुठं, शेळी कुठं. पण गल्लीला तेवढं पुरलं. ताक न्यायला येणारी बाई दारातूनच तांब्या पुढं करायला लागली. मग विहीणबाईंचा फोन आला. “भाऊ, सुनंला आमी घेऊन जातो. तुमच्याकडं असली जनावरं जन्मायलीत. लेकरावर सावली नको.” आठवा महिना भरत आलेला, आणि पोरीला जीपमध्ये घालून नेणार, तेही आमच्या रस्त्यानं.

रागाच्या भरात मी करडू काखेत घेतलं आणि प्रवासी जीपनं केजला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी तपासलं आणि आधी मलाच विचारलं, “बोकड कसला लावला होता?”

“भुंडा. बिनशिंगी. मुद्दाम युसूफ वडगावहून आणला. उद्या घरात लेकरू रांगणार, शिंग लागायला नको म्हणून.”

“आणि शेळी?”

“तीही भुंडीच.”

त्यांनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच. मग समजावलं. जनुकांत असे बदल होतच असतात, काही कामाचे, काही त्रासाचे. पण हा भुंडेपणाचा बदल एकटाच दोन्ही आहे. एका बाजूनं आला तर शिंगं येत नाहीत, जनावर शांत, गोठ्यात सोय. आई आणि बाप दोघांकडून आला, तर मादी करडाची घडण नराकडं वळते. त्याला पुढं पिल्लं होत नाहीत. बाकी ते खातं, पितं, उड्या मारतं. भुंड्या शेळीला शिंगवाला बोकड लावायचा, संपलं.

म्हणजे ग्रहण मीच होतो. गल्लीनं जाब मला विचारायचा, तर धरलं पोरीला. कावून? तर ती बाई, आणि पोटुशी. जीपमध्ये घरापर्यंत मी दात खात आलो. शेजारी बसलेल्यानं करडाचं कौतुक केलं तर त्याच्यावरही खेकसलो.

अक्का ओट्यावरच होती. सगळं ऐकून म्हणाली, “डाक्टरला काय कळतंय.”

“वांगी पोरीनं चिरली आन् भोगलं शेळीनं? शेळी काय आपल्या पंगतीला जेवायला बसलती का?”

“मोठ्या बहिणीवर आवाज चढवतूस?”

“चढवतो. पुन्यांदा पोरीला बोललीस तर जेवायचं ताट उचलून शेजारी नेऊन ठेवीन.”

मग विहीणबाईंना फोन लावला. बोकड मी आणला, शेळीला मी लावला, गाढवपणा माझा, पोरीचा काडीचा संबंध नाही, आणि बाळंतपण होईस्तोवर ती इथून हलणार नाही. हे सगळं मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की फोनची गरजच नव्हती.  विहीणबाई म्हणाल्या, “बरं, ऱ्हाऊ द्या. पर वरडू नका.”

फोन ठेवला.  शाबासकी मिळेल म्हणून बायकोकडं पाहिलं.

ती म्हणाली, “साऱ्या गावाला ऐकवलंत. पोरीला कुणी सांगितलं? ती सकाळधरनं आत मला इचारायलीय, आई, माझ्या बाळाचं काय व्हईल?”