कुंपणाच्या बिया

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत माझं ते पहिलंच वर्ष. माहेर सावद्याचं, केळीच्या मळ्यांतलं. पोरं कोकणा आदिवासींची कोकणी बोलायची आणि मला त्यातलं निम्मंही कळत नसे. म्हणून मी शिकवायची ती हातात वस्तू देऊन. दिवाळीनंतर एकदा दहांचे गठ्ठे शिकवायचे होते. सकाळी सगळ्यांना बिया गोळा करायला पाठवलं. कुणी घरून चिंचोके आणले, कुणी सागाच्या बिया, कुणी काळ्या लांबट, एरंडीसारख्या. पानांच्या द्रोणांत दहा-दहा टाकत मोजणी सुरू झाली.

तिसरीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन काहीतरी म्हणाली. मला फक्त ‘खा’ एवढंच कळलं. भूक लागली असेल, असं मला वाटलं.

“जेवण मग. आधी मोज,” मी म्हटलं. ती पुन्हा तेच बोलली. मी तिला जागेवर बसवलं.

खिचडीनंतर पहिलीतला एक मुलगा ओकला. पाठोपाठ आणखी दोघं, मग अजून दोघं. माझी नजर सरळ खिचडीच्या पातेल्याकडे गेली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा चेहरा पांढरा पडला. “मॅडम, मीपण तेच खाल्लं,” एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढ्यात त्या मुलीनं माझा हात धरला आणि ओढत मला कुंपणाशी नेलं. मोगली एरंडाची झाडं, बिया विषारी. खाली फोडलेली टरफलं. आतला गर शेंगदाण्यासारखा गोड लागतो, हे मला नंतर समजलं. पोरं बिया खाताहेत, हे ती सकाळी सांगत होती, ते मात्र तिथंच समजलं.

फोनला रेंज नव्हती. दुसरे गुरुजी मीटिंगला गेलेले. मावशी रस्त्यावर धावल्या आणि बाजाराला निघालेली जीप त्यांनी अडवली. चालवणाऱ्या नानांनी आतल्या माणसांना उतरवलं. “बठ्ठास्ले बसाडा मॅडम, मी लई जास,” सगळ्यांना घेऊन जातो, असं ते अहिराणीत म्हणाले. बाकीची पोरं मावशींवर सोपवली आणि पाच आजारी पोरं घेऊन निघाले. त्या मुलीलाही बरोबर घेतलं. घाटाच्या वळणांवर पहिलीतला मुलगा माझ्या मांडीवर लुळा पडला होता. मी सारखी त्याच्या छातीवर हात ठेवून बघत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणी किती बिया खाल्ल्या?”

मी पोरांकडे बघितलं. ती मुलगी पुढे झाली. एकेकाकडे बोट दाखवत मराठीत म्हणाली, “दोन. तीन. दोन. चार.” लहानग्यापाशी थांबली, बोटांवर पुन्हा मोजलं. “अकरा.”

डॉक्टरांनी आधी त्यालाच उचललं. नस सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचल्यावर सलाईन सुरू झालं. तो रडलासुद्धा नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दिवस कलताना त्याचे वडील आले. शेतातून तसेच, चिखलाच्या पायांनी. “काय खावाडं पोरेस्ले?” त्यांनी विचारलं.

पातेल्याचं नाव घेणं सोपं होतं. ते एकदा जिभेवर आलंही. मग मी म्हटलं, “बिया मीच आणायला लावल्या होत्या. मला त्या ओळखता आल्या नाहीत. हिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

ते कॉटच्या कडेला जाऊन बसले. बऱ्याच वेळानं मुलानं पाणी मागितलं, प्यायला, आणि ते पोटात टिकलं. तेव्हा मला बाहेर ओट्यावर जाऊन बसावं लागलं.

पाचही पोरं दोन दिवसांत घरी गेली. वरिष्ठांना मला लेखी खुलासा द्यावा लागला. पटावर एकतीस मुलं, पुढच्या सोमवारी आली नऊ. मी घरोघर फिरले. काही दारांतून बसा म्हणाले, काही दारांतून नाही.

शाळा समितीच्या बैठकीत मी म्हटलं, ते कुंपण तोडून टाकू. लहानग्याच्या वडिलांनी मान हलवली. “कुंपण तोडं तर बकऱ्या घुसतीन. पोरेस्ले वळखाले शिकाडा.”

“मलाच येत नाही, भाऊ.”

“मंग मी येस,” ते म्हणाले.

गुरुवारी ते खरंच आले. रानात निघालो तेव्हा ते पुढे होते, पोरं मधे, आणि वही घेऊन मी सगळ्यांच्या मागे.