बाहेर बसलेला मासा

दुधात पाणी किती घातलंय हे पाहायची काचेची नळी आमच्याकडे होती. साठच्या दशकात बंगळूरच्या पुष्कळ मराठी घरांत ती असायची. गवळी दारात गाय उभी करून "नीरु सेरसिल्ला, अक्का", पाणी नाही घातलं, असं गळ्याशपथ सांगायचा, आणि आपण नळी दुधात सोडून त्याच्या शपथेचं माप काढायचं. एके दिवशी मी ती समुद्राच्या पाण्यात सोडली. चांगल्या दुधात थांबते त्याहून ती जराशी जास्त बुडाली आणि तरंगत राहिली. म्हणजे खारेपणा मोजायला वेगळं काही विकत आणायला नको! मला इतका आनंद झाला, की गवळ्यालाच बोलावून दाखवावंसं वाटलं.

बंगळुरात समुद्राचं पाणी कुठून आलं, असं कुणीही विचारील. माझं माहेर कारवारचं. भाऊ तिथल्या लाकडाच्या वखारीत होता. ट्रक इकडे निघाला की तो ॲसिडच्या धुतलेल्या काचेच्या बरण्या समुद्राच्या पाण्यानं भरून त्यावर चढवायचा. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे रबरी नळ्या, चिमटे, भंगारातली काच यांना तोटा नव्हता. बाहेरच्या खोलीत आम्ही टाकी मांडली होती. तिच्याखाली मोटारीची जुनी ट्यूब. सकाळ-संध्याकाळ सायकलच्या पंपानं तिच्यात हवा भरायची, ती नळीतून बुडबुडे होऊन पाण्यात सुटायची. टाकीत कारवारच्या खडकांतल्या डबक्यांत सापडणारे बोटभर मासे, पिवळी पाठ आणि काळे पट्टे. लग्न होऊन आल्यावर मला ज्याची आठवण येऊन रडू यायचं, त्यातलं थोडंसं घरात आलं होतं.

मग भावानं आणखी मासे आणले, आम्ही हौसेनं ते जुन्यांत सोडले, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. एकटा जुना मासा तेवढा वाचला. दिवसभर तो काचेच्या एकाच कोपऱ्यात तोंड घालून असायचा. बघवत नसे. भावाला मी पुन्हा एक जोडीदार आणायला सांगितलं.

"हा शेवटचा," नवरा म्हणाला. "हाही मेला तर टाकी भंगारात. तुझं रडणं मला परत बघायचं नाही."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. मी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, रोग असेल तर तिथंच दिसतो, असं त्यात होतं. कारखान्याच्या भंगारातून बॅटरीची चौकोनी काचेची मोठी बरणी मिळाली. ती मागच्या पडवीत मांडली, लपायला आत मंगलोरी कौलाचा तुकडा ठेवला, दुसरी ट्यूब जोडली. भाऊ बसनं आला. मांडीवर रॉकेलचा घासून धुतलेला डबा आणि त्यात तो एक मासा.

सासूबाईंना मासा घरात मुळीच पसंत नव्हता, पण खायचा नाही एवढ्या अटीवर त्या गप्प होत्या. पडवीतली बरणी बघून त्यांनी विचारलं, "ह्याला वेगळा का ठेवलाय?"

मी समजावलं. ह्याची जाळी वेगळी, पेला वेगळा, फडकं वेगळं. आधी आतल्या माशाचं करायचं, मग ह्याचं. ह्याच्या पाण्यातला हात धुतल्याशिवाय आत घालायचा नाही.

"म्हणजे बाहेर बसवलंय," त्या म्हणाल्या. "मग एवढं पुस्तक कशाला वाचलंस? मला विचारायचंस."

मी हसत सुटले. महिन्यातले ते दिवस बाजूला बसण्यावरून मी त्या घरात किती भांडले होते! शेवटी सासूबाईंनीच हात टेकले होते. आणि आता तीच शिवाशिव मी पडवीत, वर तोंड करून, पाळत होते. सासूबाईंच्या उत्साहाला तर ऊतच आला. मी जाळी चुकून बदलली तर त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अगं, ती बाहेरची!" आमच्या घरी इतक्या मनापासून सोवळं कधीच पाळलं गेलं नव्हतं.

ठिपके आलेच. पुस्तकात उपाय होता मोरचूद, तोही अगदी कणभर. जास्त झाला तर रोगाआधी मासाच जायचा. तांदळाच्या दाण्याएवढा खडा मी विरघळवून घातला. दुसऱ्या दिवशी मासा कौलाखाली आडवा पडला होता. कल्ला तेवढा हलत होता. मी बरणीसमोर बसून रडले. जोडीदार गेला, टाकीही जाणार, आणि आतला तो एकटा कोपऱ्यात तोंड घालून मरणार.

सासूबाई देवघरात गेल्या आणि गंगेचा गडू घेऊन आल्या. तांब्याचा, तोंड कथलानं झाळून बंद केलेला. सासरे होते तेव्हा दोघांनी काशीहून आणलेला. त्यातलं पाणी शेवटी कुणाच्या तोंडात घालायचं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी सुरीनं झाळ उचकटली आणि मी उठेपर्यंत गडू बरणीत उपडा केला.

"आई, अहो ते गोडं पाणी!"

"गंगा शेवटी समुद्रालाच मिळते ना? आज जरा लवकर मिळाली." मग बरणीकडे बघत म्हणाल्या, "परमुलखात मरतंय गं ते. तोंडात कुणीतरी पाणी नको का घालायला?"

"आणि तुमच्यासाठी?"

"मला नळाचं चालेल. मला इथलं पाणी सोसलंय."

मासा मेला नाही. संध्याकाळी सरळ झाला, पुढे ठिपकेही गेले, आणि पुरेसे दिवस बाहेर बसवून आम्ही त्याला आत घेतला. जुना मासा कोपरा सोडून त्याच्यामागं धावला, आधी मारायला आणि मग नुसता. मला मात्र चैन पडेना. मोरचूद लागू पडला? गडूच्या आत हिरवं कडं धरलं होतं, मोरचूदही तांब्याचाच, मग ते कामी आलं? की जरा गोडं पाणी मिळाल्यानं त्याला हुशारी आली? पुन्हा करून पाहिल्याशिवाय कळणार कसं? शेजारणीकडे तसाच गडू होता. तिच्या देवघराशी गेले की माझी नजर त्याच्यावर जायची. पण मागायचा कुठल्या तोंडानं?

सासूबाई पुष्कळ वर्षांनी गेल्या. टाकी तोवर मोडली होती. शेवटच्या दिवशी त्यांनी खुणेनं पाणी मागितलं. मी तोच गडू घासून नळाखाली धरला आणि चमच्यानं त्यांच्या ओठांशी नेलं. त्यांनी डोळे उघडले.

"खारं नाही ना गं?"

"नाही आई, गोडं आहे," मी म्हणाले, आणि दुसरा चमचा भरला.