इंजिन थंड होईपर्यंत

तो प्रसंग आठवला की आजही माझे डोके तापते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको म्हणते जुने उगाळत बसू नका. पण काही माणसांवरचा राग वयाबरोबर निवत नाही आणि तो निवू नये असेच मला वाटते.

मी तेव्हा मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावांतून मोबाइल नुकते दिसू लागले होते. एका संध्याकाळी तोंडवलीकडच्या रस्त्यावर अपघात झाल्याचा फोन आला. मासे विकून रिकामी पाटी घेऊन घरी चाललेल्या बाईला मोटारीने उडवले होते. आम्ही पोचलो तोवर लोकांनी तिला रिक्षात घालून नेले होते, पण ती वाटेतच गेली. मोटार थोडी पुढे चिऱ्यांच्या गडग्याच्या भिंतीला घासून उभी होती. पुढचे चाक फुटून वाकलेले, इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. परदेशातून आणलेली, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. आमच्या त्या रस्त्यांवर म्हशीसुद्धा बघून पाय टाकतात. तिथे हे धूड कशाला आणायचे, हे मला आजवर समजलेले नाही.

गाडीजवळ किनाऱ्यावरच्या एका बंगल्यावरचा ड्रायव्हर उभा होता, मसुऱ्याकडचा, पंचविशीतला. म्हणाला, "सायबानू, माझ्या हातसून झाला." बंगल्याचा आणि गाडीचा मालक मुंबईचा. तो दुसऱ्या दिवशी आपणहून ठाण्यात आला, न विचारता खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "चावीला हात लावू नकोस म्हणून मी त्याला बजावलं होतं. ही गाडी असल्या लोकांना झेपत नाही."

हलगर्जीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. पंचनामा, मोटार, कबुली देणारा आरोपी, सगळे जागच्या जागी होते. असे असले की मला खटकते. खरा दोषी आधी रडतो, सबबी सांगतो, मेलेल्यालाच दोष देतो. हा पोरगा पाठ केलेली कविता म्हणावी तसा जबाब देत होता.

"गाडी थांबल्यावर काय केलंस?" मी विचारले.

"चावी फिरवलंय नि लगेच भायर इलंय."

खबर मिळाली ती देवळातून. मेलेल्या बाईचा नवरा होडीवर मासेमारी करणारा. त्याने ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणे घालायला लावले. दोषीला समोर आण, अशी पुजाऱ्याने हाक दिली, "बा देवा म्हाराजा, ज्या कोणाच्या हातसून ह्या झाला, तेका फुडे हाड रे म्हाराजा!" जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ दिली. एक म्हातारी मात्र तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या हवालदाराला वाटेत गाठले आणि रडू लागली. पंचनाम्यावर डोळे मिटून अंगठा उठवणारी माणसे देवासमोर नुसते होय म्हणायला कचरतात, हे मी या जिल्ह्यात पुष्कळदा पाहिले आहे.

ठाण्यात बोलावले असते तर ती गप्प बसली असती. म्हणून मीच तिच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन बसलो. अपघाताच्या वेळी ती रस्त्याच्या वरच्या बाजूला, काजूच्या बागेत गुरे हाकत होती.

"आपटल्याचो आवाज आयकलंय," ती म्हणाली. "मगे गाडी थयच गुरगुरत रवली. आत एक माणूस बसललो. माका वाटला, आता उतरतलो, तिका बघतलो. पण दार काय उघडला नाय. बऱ्याच येळान इंजिन बंद झाला, तेवा तो भायर इलो नि फोनार बोललो. मगे एक मोटारसायकल इली. जो इलो तो थय रवलो, नि आदलो, गाडीतलो, तिच्यावर बसान गेलो. मी खाली येयसर माणसा जमली."

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"सगळे म्हणी ड्रायव्हरान केला. कोर्टाची पायरी कोण चढतला? पण देवाक व्हय म्हणाक माजी जीभ उचलना."

चेहरा मात्र तिने पाहिला नव्हता. अशा साक्षीवर न्यायालयात टिकाव लागत नाही. शिवाय मला एक गोष्ट कळेना. बाईला उडवून, चाक फोडून बसलेला माणूस इंजिन चालू ठेवून आत स्वस्थ बसतो कशासाठी?

मी मालकाला पुन्हा बोलावले. चहा मागवला आणि म्हटले, "मोटार वाहन निरीक्षकांच्या अहवालासाठी गाडीची माहिती हवी आहे. हे इंजिन भरवशाचं दिसत नाही. मध्येच उसळी घेत असेल."

खरे तर मी त्याला पळवाटच दाखवत होतो. सगळे इंजिनावर ढकलून तो मोकळा होऊ शकला असता. पण गडी असा भडकला की जणू मी त्याच्या घराण्याचे नाव काढले.

"भरवशाचं नाही? सहा सिलिंडर, तीन लिटर, दोन टर्बो! तीनशेच्या वर हॉर्सपॉवर! आधी एक टर्बो काम करतो, वेग वाढला की दुसरा येतो. नीट वापरलं तर हे इंजिन वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही."

"नीट म्हणजे कसं?"

मग त्याने मला शाळामास्तरासारखे समजावले. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर गरगर फिरणारा पंखा. त्याला वंगण पुरवते ते इंजिनाचेच तेल. "गाडी जोरात हाणून एकदम बंद केली, तर तेल थांबतं आणि आतल्या आत जळतं. टर्बो खलास. म्हणून थांबल्यावर इंजिन थोडा वेळ संथ चालू ठेवायचं. थंड झालं की मग चावी फिरवायची. मी आजवर एकदाही चुकलेलो नाही."

"आणि तुमचा ड्रायव्हर?"

"त्याला काय कळतंय? तो चावी फिरवून मोकळा."

मी कप खाली ठेवला. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असे वाटले. काढला नाही, कारण असल्यांना हात लावला की तेच फिर्यादी होऊन बसतात. गाडी कोणीतरी थंड करूनच बंद केली होती आणि ते ऐकणारी साक्षीदार आमच्याकडे आहे, एवढेच मी सांगितले. त्याचा चेहरा उतरला. वकिलाशिवाय बोलणार नाही म्हणाला.

ड्रायव्हरला समोर घेतले आणि म्हटले, "मोटारसायकलवरून कोण आलं होतं, ते आता तूच सांग." मग तो रडला, पहिल्यांदा खरा रडला. "जामीन लगेच करतलो नि मगे मुंबयत कामाक लावतलो, मालक म्हणाले, सायबानू." त्या पोकळ शब्दावर पोरगा तुरुंगात जायला निघाला होता. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर त्याचा जबाब झाला, मालकाच्या मोबाइलवरून बंगल्यावर आलेल्या फोनची नोंदही जुळली आणि तो सुटला. मालकावर दोषारोपपत्र गेले.

त्याला शिक्षा झाली, पण सांगताना लाज वाटावी इतकी. बाई मागे रक्तात पडलेली असताना इंजिनाची काळजी घेत बसणे, याला आपल्या कायद्यात वेगळे कलम नाही. खोटे बोलणारा माणूस कशाला जपतो ते बघावे, तिथेच तो सापडतो, हे मी या प्रकरणातून शिकलो. पुढे अनेक तपासांत त्याचा उपयोग झाला. पण शिकलो याचे समाधान कधी वाटले नाही.

निकालानंतर बाईचा नवरा मला भेटायला आला. शिक्षेबद्दल त्याने काही विचारले नाही. "सायबानू, इंजिन चालू होता तेवा ती जिती होती?"

डॉक्टरांचा अहवाल मी वाचला होता. त्याच्याशी खोटे बोलायला माझी जीभ रेटली नाही. "होती," मी म्हणालो.

तो मग म्हणाला, "म्हणजे तिना तो आवाज आयकल्यान आसतलो. तिका वाटला आसतला, गाडी आपणाकच न्हेवक थांबली हा."