घोटभर पाणी

रेवा आणि निखिल,

परवा रेवाने फोनवर विचारलं, "आजी, तुला साखर आहे का? रक्तदाब कधीपासून? डॉक्टरांच्या फॉर्मवर आईच्या आईची सगळी माहिती मागितली आहे." मी म्हटलं, शोधून सांगते. शोधण्यासारखं काही नव्हतं. माझे सगळे रिपोर्ट कपाटात तारखेप्रमाणे लावलेले आहेत. पण रेवा, तुझ्या बाळासाठी ज्या बाईची माहिती हवी आहे, ती मी नाही. तुमच्या आईला मी जन्म दिलेला नाही. हे तिला सांगायचं राहिलं, आणि आता तिला जाऊन वर्ष होत आलं. म्हणून तुम्हाला लिहिते.

त्या बाईला आम्ही मावशी म्हणायचो. मावशी कधीच पेला पूर्ण रिकामा करत नसे. उन्हातून आलेली असो, घसा कोरडा पडलेला असो, तळाशी घोटभर पाणी ठेवायचीच. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "पुरं कोरडं केलं की पाणी वाट इसरतंय, बाई."

ती भेटली त्या वर्षी पाणी खरंच कुठे नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ. आमचं बिऱ्हाड उदगीरला होतं. तुमचे आजोबा रस्त्याच्या दुष्काळी कामावर ओव्हरसियर, मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. मावशी त्या कामावर खडी फोडायची. नवरा हैदराबादेकडे काम शोधायला गेला तो आला नाही. दोन महिन्यांची मुलगी, आणि अंगावर दूध नाही. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एका दुपारी ती मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. "हिला तुमी घ्या, बाई. म्या कामाला ऱ्हाते तुमच्याकडं. डोळ्याला दिसंल तरी."

मी एक अट घातली. मुलीला कधी कळता कामा नये. "न्हाई सांगत," मावशी म्हणाली. "सांगून काय तिचं पोट भरतंय व्हय?" नऊ वर्षं तिने ते पाळलं. माझ्यासमोर मुलीला कधी मांडीवरसुद्धा घेतलं नाही.

तिचा पेला मागच्या पायरीवर वेगळा असायचा. त्याचं कारण तिची जात. तेव्हा मी ते बोलून दाखवलं नाही, आज लिहिते. तिचं मूल मी घेतलं आणि तिचा पेला वेगळा ठेवला. दोन्ही गोष्टी एकाच घरात चालल्या आणि मला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

माझी एक वही होती. तुम्ही हसाल, तुमच्या शाळेच्या वेळापत्रकांसाठीही मी वह्या करायची. पण ही तुमच्या आईची. कॉलेजात असताना मी वाचलं होतं, की माणूस काही रक्तातून घेऊन येतो आणि काही त्याला लावलं जातं. मला ते तपासून बघायचं होतं, म्हणजे खरं सांगायचं तर मला भीती होती. म्हणून डाव्या पानावर जन्माचं, उजव्या पानावर आम्ही लावलेलं. उजवीकडे: वेळेवर उठणे, पुस्तकाला कव्हर घालणे, शब्द स्वच्छ उच्चारणे. डावीकडे: उकिडवं बसून वाचणे. कणीक मळताना कणकेशी बोलणे. पेल्यात घोटभर पाणी ठेवणे. हे आमच्यापैकी कुणी शिकवलं नव्हतं, तेव्हा ते रक्तातलं. असं मी लिहून ठेवलं, तारखेसकट.

एकदा मावशी फरशी पुसता पुसता थांबली. "काय लिहायलाव, बाई?"

"मुलीच्या सवयी."

"मग दोन कडंला कामून?"

"इकडे जन्माच्या. इकडे आपण लावलेल्या."

ती फडकं पिळत हसली. "आन् म्या लावलेल्या कुठं लिव्हताव?"

मला ती थट्टा वाटली. घरात शिकवणारी मी, ती काम करणारी, असा माझा हिशेब होता. दिवसभर मुलगी तिच्या मागे मागे असायची. मावशी कणीक मळताना म्हणायची, "ये गं सटवे, कशाला चिकटायलीस?" ते कणकेला, आणि पोर खदखदून हसायची. हे मी रोज ऐकत होते. तरी तिच्यासाठी वहीत पान नव्हतं.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, आजोबांना लातूरला जायचं होतं. नवीन जिल्हा, नवीन कामं, मावशीही सोबत येईल असं त्यांनी धरलंच होतं. त्याच आठवड्यात मी शाळेतून आले, तर तुमची आई मागच्या पायरीवर उकिडवी बसून मावशीच्या पेल्यातून पाणी पीत होती. प्यायली, तळाशी घोटभर ठेवलं, आणि पेला होता तिथे ठेवून दिला. बाजूला मावशी तशीच बसलेली. दोघींची पाठ सारखी दिसली.

मी आजोबांना सांगितलं, लातूर नको, तिथे उदगीरची माणसं सारखी येत राहणार, नांदेडला बदली मागा. आणि मावशी येणार नाही. त्यांनी तसा अर्ज केला.

टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा तुमच्या आईने विचारलं, "मावशी, तू का येत नाहीस?" मी मावशीकडे बघितलं. ती एका शब्दाने माझं सगळं उघडं करू शकली असती. "मला नांदेडचं पाणी सोसत न्हाई, बाळा," ती म्हणाली. ती नांदेडला कधी गेलेली नव्हती. मग माझ्याकडे वळली, "सांभाळून जावा, बाई." आम्ही निघालो तेव्हा ती दारात नव्हती. मागच्या पायरीवर असेल.

दोन वर्षांनी उदगीरच्या शेजाऱ्यांचं पोस्टकार्ड आलं. मावशी गेली, एवढीच एक ओळ. मी ते वाचलं, फायलीत लावलं, आणि शाळेत जाऊन सहावीचे पेपर तपासले. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. पत्र लिहून कारण विचारता आलं असतं. तेही केलं नाही.

म्हणून रेवा, फॉर्मवर असं लिही. आईची आई: चंद्रभागा. साखर: माहीत नाही. रक्तदाब: माहीत नाही. मृत्यूचं कारण: माहीत नाही. माझे आकडे तिथे लिहू नकोस. ते बाळाच्या उपयोगाचे नाहीत.

वही अजून आहे. गेल्या वर्षी तुमच्याकडून परत आल्यावर काढून बघितली. तुमच्या आईच्या पलंगाशेजारी जो पेला राहिला होता, त्यात घोटभर पाणी होतं. रेवा, तू व्हिडिओ कॉलवर बोलताना तुझा ग्लास दिसतो, त्यातही असतं. हे मी डाव्या पानावर लिहिलेलंच होतं, रक्तातलं म्हणून. पण हे पत्र लिहिताना माझ्यासमोर पेला आहे. मघाशी मी पाणी प्यायले. माझ्या अंगात तिच्या रक्ताचा थेंब नाही, आणि मला हे कुणी बसवून शिकवलं नाही.

तळाशी घोटभर उरलेलं आहे.