हिच्या खुर्चीत बसून ऐकलेला बोट्सवाना

आमची ही काही शिकलेली नव्हती. मी तरी सातवी पास, ही तेवढीही नाही. पण मुलाला पैसेवाल्यांपुढे जे बोलायचं असे, ते पहिल्यांदा हिच्यापुढे व्हायचं. मुलगा लंडनच्या एका लहान कंपनीत. आफ्रिकेत खाणी काढायला पैसा लागतो, आणि तो ज्यांच्याकडे आहे त्यांना पटवायचं, हे त्याचं काम. राहायला रीडिंगला. असं बोलणं असलं की आधीच्या शनिवारी ट्रेनने ब्रिस्टलला आमच्याकडे यायचा, लॅपटॉप टीव्हीशेजारी ठेवायचा आणि आईला खुर्चीत बसवायचा.

ही ऐकायची आणि पेंगायची. जिथं हिची मान पडायची तिथं तो थांबायचा आणि तेवढा भाग काढून टाकायचा. ऑफिसातली माणसं तोंडावर गोड बोलतात, आईची मान खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. ही जागी होऊन म्हणायची, "अरे, ऐकत होते मी." मग दोघं हसत पोहे खायची. मी वरच्या खोलीत असायचो. माझं तिथं काय काम.

ही गेल्यावर मला एकच धास्ती लागली. मुलगा आता कशाला येईल? माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे बॉयलर चालू आहे का, गोळ्या घेतल्या का. तेवढं फोनवर भागतं. तेराव्यानंतरचे बरेच शनिवार तो आलाही नाही. दोष देत नाही. या घरात यायला मलासुद्धा नको वाटायचं, आणि मी तर आतच होतो.

मग थंडीतल्या एका शनिवारी आला, लॅपटॉप घेऊन. खुर्चीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही बसता का?"

ही गेल्यापासून तिथं कोणी बसलं नव्हतं. बसलो.

त्या खेपेला बोट्सवाना होता. तांब्याचा भाव चढला होता म्हणे, आणि खाण काढायची तर तिथंच, असं त्याला सांगायचं होतं. बोलला इंग्रजीत. माझा जन्म इथल्या फॅक्टरीत गेला, तेवढं कळतं. तिथं लढाई नाही. निवडणुका वेळच्या वेळी. कोर्ट सरळ. खाणीचा परवाना एकदा दिला की सरकार उद्या उठून शब्द फिरवत नाही.

"हे तर तू स्थळ सांगतोयस," मी म्हणालो. "मुलगी शांत, घरात भांडण नाही, उलटून बोलत नाही."

"एक्झॅक्टली, बाबा. दुसऱ्या ठिकाणी इन्व्हेस्टर्सना झोप येत नाही. इथे काहीच घडत नाही. तेच तिचा सेलिंग पॉइंट आहे." देशाला 'ती' म्हणाला. त्याचं मराठी तसंच.

"काही घडायलाच नको असेल तर या घरात घेऊन ये त्यांना."

तो हसला नाही. मीही नाही.

पुढं बोलत राहिला. मी टक्क जागा. ही गेल्यापासून झोप अशी नव्हतीच, दिवसभर नुसतं अंग जड. शेवटी तोच थांबला.

"बाबा, तुम्ही झोपत नाही. मला कळत नाही कुठे कट करायचं."

मी जरा मान टाकली.

"ॲक्टिंग नको. आई घोरायची."

"मग तिलाच आण."

बोलून गेलो. जीभ माझी अशीच आहे. त्याने खाली बघितलं. आता लॅपटॉप मिटेल, कोट घालेल, आणि गेला की गेला, असं वाटलं.

"पहिल्यापासून बोल," मी म्हणालो.

"परत?"

"परत. बसलोय मी."

त्याने परत सुरू केलं. लढाई नाही, निवडणुका वेळच्या वेळी. त्याचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली उतरतो. हिचा उतरायचा तसाच. सरकारला कर किती द्यायचा, तिथपर्यंत मला आठवतं.

जाग आली तेव्हा बाहेर काळोख पडला होता. अंगावर हिची शाल. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, आणि क्षणभर भलतंच वाटलं. पण तो पोहे करत होता. जास्त भिजवून गिचका केलेला.

"टॅक्सवर झोपलात," म्हणाला. "मी ते सगळं काढून टाकलं."

"घोरलो का?"

"आईपेक्षा जास्त."

गिचका तसाच खाल्ला दोघांनी.

मधल्या दिवसांत पैसेवाल्यांपुढे त्याचं बोलणं झालं आणि फोन आला. लोकांनी पहिलाच प्रश्न कराचा विचारला, आणि याच्याकडे दाखवायला काही नाही. देश शांत आहे ते ठीक, पण सरकार त्यातलं किती नेणार ते आधी सांग, असं त्यांचं. पैसे दिले नाहीत. बघू म्हणाले. मुलाचा आवाज थकलेला होता. मला बोल लावला नाही, पण फोन ठेवला तेव्हा मी मनाशी म्हटलं, झालं. हिची मान ती हिची मान. आता कशाला येतोय.

शनिवारी बेल वाजली. दारात तो, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"आता कुठला देश?" मी विचारलं.

"तोच. टॅक्ससकट." बूट काढता काढता म्हणाला, "बसा, बाबा."